खरखर

२९ जानेवारी

दादाच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. चोवीस फेब्रुवारी. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार. गाठ ठेवली तर जीवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. वहिनी पर्सची चेन उघडत आणि मिटत बसली होती. दादाने एकच प्रश्न विचारला, "शिट्टी तरी वाजवता येईल ना?"

दादा तरणतलावावर पोहायला शिकवतो. पाण्यात डोकं घातलेल्या पोरांनाही ऐकू जाईल असा त्याचा आवाज, म्हणून तिथे सगळे त्याला भोंगा म्हणतात, अगदी तोंडावर. डॉक्टर म्हणाले, यापुढे श्वास मानेतल्या छिद्रातून घ्यायचा, त्यामुळे शिट्टी वाजणार नाही. आणि पाण्यातही उतरता येणार नाही.

"म्हणजे आता काठावर बसून लोकांचे कपडे सांभाळायचे," दादा म्हणाला.

कोणी हसलं नाही. मी हसायला हवं होतं. त्याने ते आमच्यासाठीच म्हटलं होतं.

३१ जानेवारी

रुग्णालयातल्या स्पीच थेरपिस्ट बाईंनी एक मार्ग सुचवला. ऑपरेशनच्या आधी दादाच्या आवाजात शक्य तितकी वाक्यं रेकॉर्ड करायची आणि एका कंपनीकडे पाठवायची. ते त्यातून मोबाइलसाठी आवाज तयार करतात. नंतर दादाने काहीही टाइप केलं की मोबाइल ते त्याच्या आवाजात बोलणार.

"आजूबाजूचा गोंगाट नको," बाई म्हणाल्या. "बाकी आवाज आज जसा आहे तसाच येऊ द्या."

मी लगेच हो म्हटलं, दादाला न विचारता. जिना उतरताना चूक लक्षात आली, तेव्हा विचारलं.

"तुला हवंय ना? मग करू," तो म्हणाला.

"मला नाही दादा, तुला."

"तेच ते," म्हणाला आणि पुढे चालू लागला. त्याचं लक्ष नव्हतं बहुतेक.

२ फेब्रुवारी

रेकॉर्डिंग माझ्या घरी करायचं ठरलं. मी एकटी राहते आणि मागची खोली शांत आहे. तरी रस्त्यावरचे हॉर्न येतातच, म्हणून कपड्यांच्या कपाटाचं दार उघडून दादाला कोटांच्या आणि रजयांच्या मधोमध स्टुलावर बसवलं. समोर माइक आणि कंपनीने दिलेली वाक्यं.

"'आज हवामान आल्हाददायक आहे,'" दादाने वाचलं. "हे मी कुणाला सांगणार? आयुष्यात कधी आल्हाददायक म्हटलंय मी?"

"वाच ना."

"'कृपया मला खिडकीजवळची जागा मिळेल का?' अगं, मी जागा मागत नाही, जाऊन बसतो."

माझ्या हसण्यामुळे ते वाक्य पुन्हा घ्यावं लागलं. दहा मिनिटांनी कपाटातून आवाज आला, "या रजईला डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय. मी कॅन्सरने नाही, तुझ्या रजईने जाणार."

तेही रेकॉर्ड झालं. पुसायला हवं, पण अजून पुसलेलं नाही.

५ फेब्रुवारी

आज सगळं हेडफोन लावून ऐकलं. वाक्यं स्पष्ट आहेत, पण प्रत्येकात मागे खरखर आहे, वाळूवर पाय घासल्यासारखी. शब्दाच्या शेवटी जास्त. मी दुकानात जाऊन महागातला माइक आणला. तरी तीच खरखर.

दादाला ऐकवलं. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, "माइक भंगार आहे. गंडवलं तुला दुकानदाराने."

"हा नवा आहे, दादा."

"मग नवा भंगार आहे."

याचा अर्थ वायरमध्ये दोष असणार. वायर बदलून पाहीन.

७ फेब्रुवारी

वायरही बदलली. फरक नाही. अशी खरखर काढून टाकणारे प्रोग्रॅम मिळतात, असं वाचलं. एकाचं नाव सगळीकडे चांगलं आहे. दादा म्हणाला, तलावावर येणाऱ्या एकाकडे त्याची चोरटी प्रत आहे, पेन ड्राइव्हवर देईल. मी साफ नाही म्हटलं. दुसऱ्याची मेहनत फुकट उचलायची नाही, आणि आजारी माणसाच्या कामासाठी तर मुळीच नाही.

"तुझी वहिनी बरोबर म्हणते," दादा म्हणाला. "तू देवळातसुद्धा चप्पल पावती घेऊन काढशील."

मग मी स्वतः शोधलं. शोधल्यावर सर्वांत वरच त्या प्रोग्रॅमच्या कंपनीचं पान आलं. नीटनेटकं, निळं, 'अधिकृत' असं लिहिलेलं. घरगुती वापरासाठी मोफत. अटी-शर्ती पूर्ण वाचल्या, तासभर गेला. त्यात आक्षेपार्ह काही नव्हतं. उलट ग्राहकाच्या खासगीपणाबद्दल फार चांगलं लिहिलं होतं.

प्रोग्रॅम बसवताना अँटीव्हायरसने लाल पाटी दाखवली. पण कंपनीच्या सूचनांमध्ये ते आधीच लिहिलेलं होतं: काही अँटीव्हायरस आमचा प्रोग्रॅम चुकून अडवतात, तेवढ्यापुरते ते बंद ठेवावेत. मला ते पटलं. मी औषधांच्या कारखान्यात तपासनीस आहे. आमच्या पट्ट्यावरचा कॅमेराही दिवसातून कितीदा चांगली पाकिटं बाद करतो, आणि मी ती बघून हाताने परत पट्ट्यावर ठेवते. यंत्राला संशय घेण्याचंच काम दिलेलं असतं. निर्णय माणसाने करायचा असतो.

अँटीव्हायरस बंद केला.

८ फेब्रुवारी

काय सुंदर काम करतो हा प्रोग्रॅम! एक बटण दाबलं आणि खरखर गायब. दादाचा आवाज अगदी गुळगुळीत, ऐन तिशीतला वाटावा असा. दिवसभर एकेक फाइल साफ करत बसले. स्वयंपाक केला नाही, ब्रेड खाल्ला.

संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन दोघांना ऐकवलं. वहिनी हात पुसत बाहेर आली, थोडं ऐकलं आणि म्हणाली, "हे कोण बोलतंय?"

"अगं वहिनी, दादा!"

"हे नव्हेत. हा कर्ज हवंय का विचारायला फोन करतो ना, तो माणूस आहे."

दादा खूप हसला, मग खोकला, मग बराच वेळ खोकतच राहिला. वहिनी पाणी आणायला गेली ती लवकर आली नाही. तिला या सगळ्याचा त्रास होतोय. सुरुवातीला असं परकं वाटणारच, सवय होईल.

१० फेब्रुवारी

रेकॉर्डिंग जोरात चालू आहे. पेन ड्राइव्हवरही प्रत ठेवते. प्रोग्रॅमने सुचवल्याप्रमाणे तो सतत लावून ठेवलाय, म्हणजे प्रत आपोआप होते.

कॉम्प्युटरचा पंखा मात्र हल्ली काही न करताही जोरात फिरतो. "हा तर माझ्यासारखा धापा टाकतोय," दादा म्हणाला. जुना झालाय. या कामानंतर बदलेन.

कारखान्यातल्या पॅकिंगच्या मैत्रिणीने विचारलं, "तू मला फाइल पाठवलीस का गं? उघडतच नाही." मी काही पाठवलं नव्हतं. तिच्याकडे रोज शंभर मेल येतात, गोंधळ झाला असेल.

१३ फेब्रुवारी

आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या स्वतःलाच खोटं सांगेन.

सकाळी कॉम्प्युटर उघडला तर दादाची एकही फाइल उघडेना. नावांच्या पुढे विचित्र अक्षरं आली होती. पडद्यावर इंग्रजीत नोटीस: तुमच्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, किल्ली हवी असेल तर पैसे द्या. पेन ड्राइव्ह काढून दुसरीकडे लावला. त्यातही तेच.

नऊ वाजता थेरपिस्ट बाईंचा फोन आला. माझ्या नावाने त्यांना मेल गेला होता, विषयात दादाचं पूर्ण नाव आणि 'आवाज, स्वच्छ प्रत'. रुग्णालयाच्या यंत्रणेने तो अडवला. तलावाच्या कार्यालयात मात्र उघडला गेला. आता त्यांचाही कॉम्प्युटर बंद आहे. दादाचं नाव दिसलं म्हणून त्यांनी उघडला. दुसऱ्या कुणाच्या नावाने आला असता तर कदाचित नसता उघडला.

कारखान्यात कॉम्प्युटरचं बघणारी बाई आहे. आम्ही तिला डागदरीण म्हणतो, कारण ती आधी लक्षणं विचारते. तिच्यासमोर सगळं नेऊन ठेवलं. ती शेंगदाणे खात बराच वेळ बघत होती.

"ट्रोजन," ती म्हणाली.

"म्हणजे तो प्रोग्रॅम खोटा होता?"

"खोटा असता तर बरं झालं असतं. प्रोग्रॅम खराच होता. कुणीतरी खरा घेतला, त्याच्या पोटात आपला घातला, आणि हुबेहूब कंपनीसारखं पान करून पैसे भरून सगळ्यात वर लावलं. ती जाहिरात होती. कोपऱ्यात बारीक लिहिलेलं असतं."

"पण तो इतकं चांगलं काम करत होता!"

"म्हणून तर तू त्याला ठेवलंस. दार तोडून आला असता तर आरडाओरडा केला असतास. तुझ्या हाताने कडी काढायला लावली त्याने." तिने माझ्याकडे पाहिलं आणि शेंगदाण्यांची पुडी पुढे केली. "घे. आणि रडू नकोस, की-बोर्ड ओला होतो."

पैसे भरले तर किल्ली मिळेल का, विचारलं. ती म्हणाली, भरवसा नाही. तरी मी भरायला तयार होते, हे इथे नोंदवते.

आम्ही कारखान्यात वेष्टनावरून कधीच माल पास करत नाही. लेबल कितीही बरोबर असो, प्रत्येक बॅचमधल्या गोळ्या फोडून आत काय आहे ते तपासतो. वीस वर्षं मी हेच करते आहे. आणि घरी लेबल वाचलं. तासभर वाचलं, आणि त्याचा अभिमानही वाटला.

१४ फेब्रुवारी

दादाला सांगितलं. बोलायला सुरुवात केली आणि शब्दच फुटेना. तो म्हणाला, "अरे वा, आधी तुझाच गेला की."

मग सगळं ऐकून घेतलं. पैशाबद्दल म्हणाला, "तीस वर्षं मी फुकट ओरडलो, आता ते चोर माझ्या ओरडण्याचं भाडं घेणार? एक दमडी द्यायची नाही."

वहिनी म्हणाली, "साधूच्या वेशातला रावण तो. भल्याभल्यांनी रेषा ओलांडलीय, तू कोण लागून गेलीस?" आणि माझ्या डोक्यावर टपली मारली. मला वाटलं होतं ती चिडेल. तिच्या चेहऱ्यावर तर सुटल्यासारखं काहीतरी होतं.

दुपारभर माझ्या मेलच्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करून सावध केलं. तलावाच्या मॅनेजरची माफी मागितली. ते म्हणाले, "भोंग्याच्या नावाने आलं म्हणून उघडलं, परत आलं तर परत उघडू." मी म्हटलं, कृपा करून उघडू नका.

१५ फेब्रुवारी

डागदरिणीने कॉम्प्युटर पूर्ण पुसून नव्याने तयार करून दिला. सगळे पासवर्ड बदलायला लावले. मग म्हणाली, "माइकही आण. त्याच्यापायी एवढं रामायण झालं ना?"

नेला. तिने लावला आणि त्यात शेंगदाण्यांच्या भावाबद्दल काहीतरी बोलली. आम्ही दोघींनी ऐकलं. तिचा आवाज काचेसारखा स्वच्छ होता. नंतर मी बोलले. माझाही. जुना माइकही लावून पाहिला.

"माइक उत्तम आहे तुझा. दोन्ही," ती म्हणाली.

मी माइक पिशवीत घातला आणि बसस्टॉपवर दोन बस सोडल्या.

दादाला हे सांगायचं की नाही, कळत नाही. त्याला बिचाऱ्याला अजून वाटतंय की माइक भंगार आहे.

१६ फेब्रुवारी

थेरपिस्ट बाईंना भेटले. दिवस थोडे आहेत, दादा लवकर दमतो, सगळी वाक्यं पुन्हा होणार नाहीत. बाई म्हणाल्या, कंपनीचीच वाक्यं हवीत असं नाही. तो जे बोलेल ते चालेल, फक्त शब्दन् शब्द लिहून सोबत द्यायचा. आणि साफ काही करायचं नाही.

"खरखर असली तरी?" मी विचारलं.

"ती त्यांच्या आवाजातच आहे ना," बाई म्हणाल्या. इतकं सहज म्हणाल्या की मी फक्त मान हलवली.

त्यांनी दिलेला कंपनीच्या साइटचा पत्ता मी ब्राउझरमध्ये अक्षर अक्षर बघून टाइप केला, आणि त्यांच्याकडून फोनवर पुन्हा वदवून घेतला. प्रत तीन ठिकाणी ठेवते आहे, आणि काम झालं की पेन ड्राइव्ह उपटून डब्यात.

१८ फेब्रुवारी

आता कपाट नाही. त्यांच्याच घरी, जेवणाच्या टेबलावर, खिडक्या लावून. मी माइक चालू करते आणि दादा मनाला येईल ते बोलतो. आज पोहायला घाबरणाऱ्या एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगितली. पोलीस अधिकारी. कमरेएवढ्या पाण्यात दादाचा हात सोडायला तयार नव्हता. "मी म्हटलं, साहेब, पाणी तुम्हाला ओळखत नाही, हुद्दा कपड्यांजवळ ठेवा. आणि हात सैल सोडा, तुम्ही बुडत नाही आहात, मला बुडवताय."

अर्ध्या तासाने आवाज बसला. थांबलो. त्याला गरम पाणी दिलं.

संध्याकाळी घरी बसून लिहून काढलं. 'हात सैल सोडा' हे तो तीन वेगवेगळ्या पद्धतीने म्हणतो. तिन्ही ठेवले.

२० फेब्रुवारी

आज वहिनीने सगळं बिघडवलं. म्हणजे मला आधी तसं वाटलं. रेकॉर्डिंग चालू असताना गिझरवरून दोघांचं जुंपलं. गिझर बंद कुणी केला नाही, हा विषय.

"अहो, शेवटी अंघोळ कुणी केली?"

"शेवटी तू केलीस!"

"मी केसांना तेल लावून बसलेय, मी कशी करेन?"

"मग मी काय रोज दोनदा करतो?"

"तीस वर्षं पाण्यात काढलेला माणूस, तुम्हाला कळतं का कधी कितीदा केली?"

यावर दादा जे ओरडला ते ऐकून पडद्यावरची आवाजाची पट्टी लाल झाली. मी वहिनीला खूण करत होते, थांब, थांब. मग खूण करणं सोडून दिलं. तिचा भाग कापून काढता येईल. आज मिळाला तसा दादाचा आवाज इतक्या दिवसांत मिळाला नव्हता. आणि दोघंही किती खूश दिसत होती.

गिझर मीच बंद केला नव्हता. सकाळी हात धुतले होते. उद्या सांगेन.

२२ फेब्रुवारी

शेवटचं रेकॉर्डिंग. दादा म्हणाला, "तुझी ती आल्हाददायक वाली यादी आण. एवढ्या प्रेमाने बसवलं होतंस कपाटात." आणि त्यातली काही वाक्यं त्याने मुकाट्याने, नीट, दम घेत वाचली. मला ती नको होती. पण तो वाचत राहिला आणि मध्येमध्ये माझ्याकडे बघत होता, झालं का समाधान, अशा नजरेने. त्याला स्वतःला हा मोबाइलचा आवाज इतका हवा असेल, असं मला वाटलं नव्हतं.

सगळं पाठवलं. पोचल्याचं उत्तर आल्यावरही थेरपिस्ट बाईंना फोन करून खात्री केली. त्या हसल्या.

२४ फेब्रुवारी

सात तास. झालं. डॉक्टर समाधानी आहेत. मी आणि वहिनी बाकावर हात धरून बसलो होतो. कुणी कुणाचा धरला होता, आठवत नाही.

२७ फेब्रुवारी

दादा शुद्धीवर आहे, पाटीवर लिहितो. आज लिहिलं, 'जेवण नळीतून. चव: आल्हाददायक.'

त्याच्या खोलीत किती शांत वाटतं. नर्स म्हणतात, गुणी पेशंट. मला ते ऐकवत नाही.

१९ मार्च

दादा घरी येऊन आठवडा झाला. आज आवाज आला. मी त्याच्या मोबाइलवर बसवला. पाठवणारा कोण, पत्ता कोणता, सगळं पुन्हा तपासलं आणि डागदरिणीलाही दाखवलं. तिने अँटीव्हायरसकडे बोट दाखवून विचारलं, "चालू आहे ना?" तिला दरवेळी विचारून घ्यायचंच असतं.

दादाने पहिल्यांदा स्वतःचं नाव टाइप केलं. आवाज आला. थोडा सपाट, थोडा घाईत, पण खरखर जशीच्या तशी. शब्दाच्या शेवटी जास्त. मी आधी ठरवल्याप्रमाणे म्हणाले, "दादा, सॉरी, आधीचा गुळगुळीत असता..." त्याने हात वर केला. गप्प, असा.

मग एका बोटाने शोधून शोधून टाइप करू लागला. वहिनी आत गॅलरीत कपडे वाळत घालत होती. आवाज येणार आहे हे आम्ही तिला सांगितलं नव्हतं. वाईट निघाला तर, म्हणून. त्याने मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला आणि बटण दाबलं.

"अगं, माझा चष्मा कुठाय?"

"ओरडू नका!" आतून वहिनी. "डोळ्यांसमोर असेल, तुम्हाला दिसत नाही एवढंच! जागच्या जागी ठेवायला काय होतं? सगळ्या घरभर मी तुमच्या वस्तूंच्या मागे..." अशी बोलत बोलतच ती ओल्या हातांनी बाहेर आली, खांद्यावर त्याचाच सदरा. टीव्हीवरचा चष्मा उचलून त्याच्यासमोर आपटला. "हा काय!"

आणि मग तिने मोबाइलकडे पाहिलं.

दादा मान खाली घालून उत्तर टाइप करत होता. घाईने चुकीचं अक्षर पडलं, पुसलं, पुन्हा लिहू लागला. वहिनी जागची हलली नाही. हातांवरचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"बोला," ती म्हणाली. "उभी आहे मी. सावकाश बोला."

मी चपला घातल्या आणि दार हळूच ओढून घेतलं. तो काय म्हणाला, ते मला माहीत नाही.